सेल बसतो म्हणजे नेमकं काय होतं?

गेल्या मे महिन्यात आमच्या इन्व्हर्टरने मान टाकली. वीज गेली, पंखा दोन मिनिटं फिरला आणि थांबला. बॅटरीवाला आला, एकेक झाकण काढून हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) बुडवत गेला आणि तिसऱ्या सेलपाशी, म्हणजे बॅटरीच्या तिसऱ्या कप्प्यापाशी, थबकला. "भाऊ, सेल बसला याचा. पाणी टाकत नव्हते का?" टाकत होतो. दर दोन महिन्यांनी, तेही डिस्टिल्ड. "मंग उन्हानं उडालं असन."

बॅटरीचं पाणी थोडंफार वाफ होऊन जातं हे खरं, पण बहुतेक पाणी त्या वाटेने जात नाही. आणि पाणी वेळेवर घालूनही सेल बसतो, तेव्हा गुन्हेगार बहुधा आतल्या प्लेटची शिशाची जाळी असते.

शाळेच्या पुस्तकात बॅटरीचं चित्र म्हणजे बरणीत उभ्या दोन सरळ पट्ट्या. 1859 मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने केलेली पहिली शिसे-आम्ल बॅटरी जवळपास तशीच होती. शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापडाच्या पट्ट्या, सगळं गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवलेलं. अडचण अशी की रासायनिक क्रिया फक्त पत्र्याच्या पृष्ठभागावर होते, आतलं शिसं नुसतं ओझं. पुढे कामिल फॉर या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लगदा थापला. साठवण भलतीच वाढली, पण लगदा गळून पडू लागला. त्यावर 1881 च्या सुमारास उपाय निघाला तो जाळीचा. शिशाची जाळी ओतायची आणि तिच्या घरांमध्ये लगदा दाबून भरायचा.

कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे त्यांना आणखी सांगायला नको. कामट्यांचा सांगाडा, वर मातीचा लेप. फरक इतकाच, की इथला सांगाडा लेप धरून ठेवतो आणि शिवाय त्यातली वीज वाहून नेतो. प्लेटच्या वरच्या कोपऱ्यात एक कान असतो. ओढेनाले नदीला मिळावेत तसा कानाकोपऱ्यातला प्रवाह जाळीच्या काड्यांमधून त्या कानापाशी येतो. म्हणून चांगल्या जाळीत कानाजवळच्या काड्या जाड ठेवतात. शिशाचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे बारापट, त्यामुळे तिथे काड्या बारीक ठेवण्याची काटकसर चालत नाही. मग तांब्याचीच जाळी का नको? कारण धन प्लेटवर तांबं टिकणारच नाही, आम्लात विरघळून जाईल.

शिसं तरी तिथे टिकतं का? नाही, आणि मला सगळ्यात आवडतो तो भाग हाच. धन प्लेटवरचा लगदा म्हणजे लेड डायऑक्साइड. त्याच्या संगतीत, त्या विद्युतदाबाला, शुद्ध शिशाचाही कल लेड डायऑक्साइड होण्याकडेच असतो. म्हणजे सांगाडा हळूहळू लेपातच रूपांतरित होतो. वर तयार होणारी दाट साय आतल्या धातूला वाचवते, म्हणून हे काम दिवसांत न होता वर्षांत होतं. पण ही साय मूळ शिशापेक्षा सुमारे तिसरा हिस्सा जास्त जागा मागते. ती फुगते आणि आतल्या काडीला ताणते. शिसं 327 अंश सेल्सिअसला, म्हणजे 600 केल्विनला वितळतं. आपल्या खोलीचं तापमान 300 केल्विन. निम्म्या वाटेवर असलेला धातू सततच्या ताणाखाली मेणासारखा सरकत राहतो. जाळी अक्षरशः वाढते! वाढता वाढता लगद्यावरची पकड सुटते, काड्या तुटतात, नाहीतर जाळीची कड शेजारच्या ऋण भागाला टेकते आणि सेल शॉर्ट होतो. उष्णतेने हे सगळं झपाट्याने होतं. ढोबळ हिशोब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. आमची बॅटरी पश्चिमेच्या गॅलरीत होती आणि आम्ही राहतो अकोल्यात. यापुढे काय बोलणार?

दुकानामागे बॅटरीवाल्याने एक जुनी बॅटरी कापून ठेवली होती. हातमोजे घालून त्यातली धन प्लेट उचलली. चॉकलेटी रंग, आणि कडेची काडी जरा वाकवताच कुरडईसारखी कट्कन मोडली. तुटल्या जागी बाहेर काळपट कवच, आत शिशाचा केसाएवढा चमकता ठिपका. शेजारची राखाडी ऋण प्लेट मात्र वाकली, मोडली नाही. (हा प्रयोग घरी करू नका. शिशाची धूळ पोटात जाणं हे भयंकर प्रकरण आहे.)

आता पाण्याकडे. नुसतं शिसं इतकं मऊ की त्याची जाळी उचलतानाच वाकते. म्हणून त्यात काही टक्के अँटिमनी (धातूसारखं एक ठिसूळ मूलद्रव्य) मिसळतात. जाळी ताठ होते, लगदाही छान धरते. पण धन जाळी झिजताना अँटिमनी आम्लात सुटतो, पलीकडे जाऊन ऋण प्लेटवर बसतो आणि घोटाळा करतो. पाण्याचं विघटन 1.23 व्होल्टलाच व्हायला हवं, मग दोन व्होल्टच्या सेलमध्ये पाणी टिकतं कसं? कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटायला फार कुरकुरतो. अँटिमनीवर तो तितका कुरकुरत नाही. त्यामुळे चार्जिंगच्या वेळी पाणी फुटतं आणि वायू होऊन निघून जातं. आपण घालतो ते पाणी म्हणजे ताठ जाळीची किंमत.

1935 मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांसाठी अँटिमनीऐवजी चिमूटभर कॅल्शियम वापरलं. पाण्याचा खर्च घटला, आणि आजच्या 'मेंटेनन्स-फ्री' गाडीबॅटरीचं मूळ तिथे आहे. पण ती बॅटरी रोज खोलवर उपसली, म्हणजे जवळजवळ रिकामी केली, तर लवकर थकते, म्हणून इन्व्हर्टरला अजून अँटिमनीच.

हायड्रोजनवरून आठवलं. दसऱ्याला इन्व्हर्टरला हळदकुंकू लावा, लिंबू-मिरचीही बांधा, जाळीला त्याचा काही फरक पडत नाही. पण हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते, तेव्हा बंद कपाटातल्या बॅटरीपुढे उदबत्ती लावू नका. आणि 'मेलेली बॅटरी जिवंत करणारी' पावडर दारावर विकायला आली, तर विकणाऱ्याला एवढंच विचारा, की मोडलेली काडी ती कशी सांधणार?

नवी घेतली ती ट्यूब्युलर. तिच्या धन प्लेटमध्ये जाळी नाहीच. शिशाच्या उभ्या सळ्या, भोवती लगदा, आणि त्यावर पॉलिस्टरच्या विणलेल्या नळ्या. जाळी आतून बाहेर आली म्हणायची! लगदा गळायला जागा नाही आणि सळी जाड असल्याने झिजायलाही वेळ लागतो. बॅटरीवाल्याने जुनी तराजूत टाकली, शिशाचे पैसे वजा केले आणि नव्यावर मार्करने तारीख लिहिली. "गॅलरीत नका ठेवू," म्हणाला. जिन्याखाली ठेवली आहे.