गाईचं दूध सोसत नाही, म्हणून शेळीचं?

‘बाळाला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर शेळीचं दूध द्या, ते हलकं असतं’ हा सल्ला घरोघरी फिरतो. तो देणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण अ‍ॅलर्जी दुधाच्या जडपणाची नसते, त्यातल्या केसीनसारख्या प्रथिनांची असते. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात, की बहुतेक मुलांना तिन्हींचा त्रास होतो. उकळूनही तो जाईलच असं नाही.

मग त्रास दुधाचाच आहे याची खात्री कशी करायची? डॉक्टरांच्या सल्ल्याने 2 ते 4 आठवडे फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ बंद. गहू, अंडी, शेंगदाणे उगाच एकदम तोडू नका; काय बाधलं ते कळत नाही आणि लेकरू मात्र वाळतं. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत ‘मिल्क सॉलिड्स’ किंवा ‘व्हे’ दिसलं तर तेही दूधच. वहीत रोज लिहा: काय खाल्लं, किती वाजता, पुरळ कधी उठलं. नंतर दूध पुन्हा देऊन पाहायचं. त्रास परतला तरच संशय पक्का. मात्र आधी ओठ सुजले असतील किंवा धाप लागली असेल, तर ही परीक्षा घरी नाही, दवाखान्यातच.