व्होकेशनल घेतलं तर पुढे काय?

अकरावीच्या प्रवेश अर्जात कला, वाणिज्य आणि विज्ञान यांच्या जोडीला चौथी एक शाखा असते. सरकारी कागदावर ती उच्च माध्यमिक व्यवसाय शिक्षण म्हणून येते, लोकांच्या तोंडी व्होकेशनल, आणि चाळिशी-पन्नाशीतल्यांच्या तोंडी अजूनही एमसीव्हीसी. नाशिकमध्ये कुठल्याही पालकाला या शाखेबद्दल सांगायला बसा, पाच मिनिटांत एकच प्रश्न येतो, "ते ठीक आहे, पण पुढे काय?" या प्रश्नाचा अर्थ पालकांना हातकामाचं वावडं आहे असा बहुतेक वेळा लावला जातो. मला तो अर्थ पटत नाही. गेल्या दीडशे वर्षांत ही योजना वेगवेगळ्या नावांनी किती वेळा आली आणि दर वेळी कुठे अडली हे पाहिलं, की पालकांचा प्रश्न रास्त होता हे दिसतं.

सुरुवात १८८२ पासून करावी लागते. त्या वर्षी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. जोतीराव फुले यांनी त्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध वाचन-लेखनासोबत हिशेब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं अशी त्यांची मागणी होती. सरकारी हायस्कुलांतलं शिक्षण रोजच्या जगण्याला उपयोगी पडत नाही, त्यातून कारकून आणि मास्तर तेवढे तयार होतात, ही त्यांची तक्रार होती. हंटर आयोगानेही हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन वाटा सुचवल्या. एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेणारी, दुसरी व्यापार-उदिमाला उपयोगी पडेल अशी व्यावहारिक. दुसऱ्या वाटेकडे फार थोडे विद्यार्थी वळले. मॅट्रिक झालेल्याला कॉलेजही खुलं होतं आणि कचेरीतली नोकरीही. व्यावहारिक शिक्षण घेतलेल्यासाठी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. पुढे काय, हा प्रश्न तेव्हाच जन्मला.

त्यानंतर १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षण देणारी नई तालीम मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. पण ती योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा विचार स्वातंत्र्यानंतर, १९५२-५३ च्या मुदलियार आयोगापासून खऱ्या अर्थाने सुरू झाला. या आयोगाने बहुउद्देशीय शाळांची, म्हणजे पुस्तकी विषयांच्या जोडीला तंत्र, शेती, वाणिज्य असे विषयही देणाऱ्या शाळांची, कल्पना मांडली. आपल्याकडे त्याच वळणाची जी गोष्ट टिकली ती टेक्निकल हायस्कूल. आठवीपासून कानस, हातोडी, व्हाइस यांची ओळख, कार्यशाळेत खाकी कपडे, आणि दहावीनंतर तंत्रनिकेतनाच्या प्रवेशात या मुलांसाठी राखून ठेवलेल्या काही जागा. पालकांनी या शाळांना कधी नाक मुरडलं नाही, उलट तिथे प्रवेश मिळावा म्हणून धडपड केली. राखीव जागांच्या रूपाने पुढचं दार दिसत होतं, एवढं एकच कारण त्याला पुरेसं होतं.

याच काळात नाशिक बदलत होतं. नाशिकरोडची सरकारी मुद्रणालयं ब्रिटिश काळापासून होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि सातपूरला औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. पाठोपाठ वाहनांचे सुटे भाग बनवणारी मायको कंपनी आली, मग अंबडची औद्योगिक वसाहत वाढली. तांबट आळीत पिढ्यान् पिढ्या घरात बसून तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या शहराला एकाएकी फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन हवे झाले. ही गरज आयटीआयने भागवली. आयटीआयची योजना १९५० पासूनची, कामगार खात्याच्या हाताखाली वाढलेली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे आयटीआय झालेल्या मुलाला कारखान्यात अप्रेंटिस म्हणून शिरायची वाट होती. कारखान्याच्या कार्मिक विभागाला त्या प्रमाणपत्राचा अर्थ कळत होता. इंग्रजी बेताची असली तरी कागदावरचा ट्रेड पाहून माणूस काय करू शकेल हे त्यांना समजायचं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे व्होकेशनलच्या मुलांची गाठ याच कार्मिक विभागाशी पडली.

मधल्या काळात कोठारी आयोगाने १९६६ मध्ये अहवाल दिला. १०+२+३ हा आकृतिबंध त्यातलाच. अकरावी-बारावी ही दोन वर्षं या आकृतिबंधात फक्त कॉलेजची पूर्वतयारी म्हणून आखलेली नव्हती. १९८६ पर्यंत दहावीनंतरच्या निम्म्या विद्यार्थ्यांनी व्यवसाय शिक्षणाकडे वळावं असं आयोगाचं उद्दिष्ट होतं. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ मध्ये झाली. अकरावी-बारावीसाठी ज्युनिअर कॉलेजं उभी राहिली, त्यातली कित्येक वरिष्ठ महाविद्यालयांच्याच इमारतीत. त्यामुळे अकरावीचं वळण पहिल्या दिवसापासून कॉलेजचं झालं. बाकं, फळा, व्याख्यान. कार्यशाळेला जागाच नव्हती. शाळेत कार्यानुभव हा विषय आला खरा, पण त्या तासाला आम्ही कागदी फुलं आणि फायली केल्या, आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या सरांनी घेतला. माझ्या पिढीतल्या बहुतेकांची आठवण याहून वेगळी नसावी.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्राने एक युक्तीची योजना आणली. तिचं नाव द्विलक्षी अभ्यासक्रम, म्हणजेच बायफोकल. कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतच राहायचं, फक्त दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून त्याऐवजी २०० गुणांचा एक व्यवसाय विषय घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, स्कूटर-मोटारसायकल दुरुस्ती, पीकशास्त्र, पशुविज्ञान आणि दुग्धव्यवसाय, बँकिंग, ऑफिस मॅनेजमेंट, पुढे कॉम्प्युटर सायन्स. या अभ्यासक्रमाला नाशिकमध्ये आजही प्रवेशासाठी गर्दी होते, मेरिट लिस्ट लागते. एकाच राज्यात, एकाच बोर्डाखाली, एका व्यवसाय अभ्यासक्रमाला रांग आणि दुसऱ्याच्या, म्हणजे व्होकेशनलच्या, जागा रिकाम्या, असं का? बायफोकलमध्ये शाखा सुटत नाही. इंजिनीअरिंगचं दार उघडंच राहतं, शिवाय जीवशास्त्र टळतं आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांनी टक्केवारी वर जाते. पालकांनी बायफोकल स्वीकारलं ते पुढचा रस्ता शाबूत होता म्हणून. इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला मुलगा पुढे सोल्डरिंगच्या कामाला जाणार नव्हता, हे मुलाला, पालकाला आणि शिक्षकालाही माहीत होतं. जाता जाता एक नोंदवायला हवं, कारण त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. सोडायची दुसरी भाषा बहुतेक ठिकाणी मराठी असते. हुशार म्हणवल्या गेलेल्या हजारो मुलांची मराठीशी असलेली गाठ दहावीतच सुटली ती या सोयीमुळे.

१९८४ मध्ये राज्यात तंत्र शिक्षण संचालनालयातून व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय वेगळं झालं. १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. कोठारी आयोगाने ज्या वर्षापर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांची अपेक्षा केली होती, त्याच वर्षी नव्या धोरणाने उद्दिष्ट खाली आणून ठेवलं. १९९० पर्यंत १० टक्के, १९९५ पर्यंत २५ टक्के. १९९२ मध्ये धोरणाला दुरुस्ती झाली तेव्हा हेच आकडे प्रत्येकी पाच वर्षांनी पुढे ढकलले गेले. १९८८ मध्ये केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली आणि १९८८-८९ पासून महाराष्ट्रात किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी.

कागदावर ही योजना विचारपूर्वक आखलेली होती. तांत्रिक, वाणिज्य, कृषी, आरोग्य, मत्स्य आणि गृहशास्त्र असे गट. भाषा आणि पायाभूत अभ्यासक्रम सोडला तर बाकीचा सगळा वेळ व्यवसाय विषयाला, त्यात प्रात्यक्षिकावर भर, आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र बोर्डाचंच, बारावी उत्तीर्ण असंच. १९८६ मध्ये शिकाऊ उमेदवार कायद्यात दुरुस्ती करून बारावी व्होकेशनल झालेल्यांसाठी वेगळा गटही करण्यात आला. मात्र नाव चुकलं. जे शिकवायचं त्याच्या पाटीवरच 'किमान' लिहिलं तर ते घ्यायला कोण आनंदाने येईल? कॉलेजमध्ये या वर्गांची जागा बहुधा मागच्या बाजूला, सायकल स्टँडच्या पलीकडे. ज्याला कुठेच मिळालं नाही त्याला तिकडे पाठवा, असा रिवाज पडला. शिक्षक आणि निदेशक जीव तोडून शिकवत, हे मी जवळून पाहिलं आहे. पण जून महिन्यात त्यांनाच वर्ग भरण्यासाठी गावोगावच्या शाळांत फिरावं लागे.

माझ्या आत्याच्या मुलाने नव्वदच्या दशकात इलेक्ट्रिकल घेऊन हे दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण केलं. हात तयार होता त्याचा, घरातली मोटर तोच भरायचा. एका कारखान्यात मुलाखतीला गेला तर पहिला प्रश्न आला, "आयटीआय आहे का?" त्याने बारावीचं प्रमाणपत्र पुढे केलं. समोरच्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. मग त्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश घेतला, आणखी दोन वर्षं. पहिल्या वर्षीच्या अभ्यासातलं बरंचसं त्याने आधीच केलेलं होतं. एकच काम शिकायला एका मुलाची चार वर्षं गेली, कारण एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याला वाचता येत नव्हता. शिक्षण खातं आणि कामगार खातं यांच्यातली ही दरी व्होकेशनलला जेवढी नडली तेवढी लोकांची मानसिकता नडली नाही, असं माझं ठाम मत आहे.

वाटा मग हळूहळू जोडल्या गेल्या. तांत्रिक गटातून बारावी झालेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू लागला. अभियांत्रिकीच्या पात्रतेत भौतिकशास्त्र आणि गणितासोबत रसायनशास्त्राच्या जागी तांत्रिक व्यवसाय विषय चालू लागला. गंगापूर धरणाच्या वाटेवर १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने तर बारावी नसलेल्यांनाही पूर्वतयारी अभ्यासक्रमातून पदवीपर्यंत जायची सोय केली. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला आणि नववी ते बारावीच्या व्यवसाय शिक्षणाला पहिली ते चौथी पातळी मिळाली. एमसीव्हीसीचा अभ्यासक्रम त्याला जुळवून बदलला गेला, नावातलं 'किमान' गेलं. तोवर देशाची अवस्था काय होती ते २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलं आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय कामगारांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी लोकांनी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलं होतं. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. नव्या धोरणाने २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा असं ठरवलं. निम्मे, म्हणजे कोठारी आयोगाचाच आकडा, एकोणचाळीस वर्षांनी पुढे गेलेला.

२०२३ चा राष्ट्रीय क्रेडिट आराखडा मात्र मला या सगळ्यांत वेगळा वाटतो. तीस तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट, वर्षाला चाळीस, आणि हे तास वर्गातले असोत, कार्यशाळेतले असोत की कामाच्या अनुभवाचे, एकाच खात्यावर जमा. आतेभावाच्या वेळी हे असतं तर त्याची दोन वर्षं वाचली असती.

पण नाशिक जिल्ह्यात एक अडचण अशी आहे जिच्याकडे कुठल्याच आयोगाने पाहिलं नाही. ती कॅलेंडरची. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या द्राक्षपट्ट्यात फलोत्पादन शिकणाऱ्या मुलाचा खरा वर्ग म्हणजे बाग. एप्रिलमध्ये खरड छाटणी असते, तेव्हा शाळा सुट्टीच्या तोंडावर. ऑक्टोबरची गोडी छाटणी सहामाही परीक्षा आणि दिवाळीच्या आसपास. त्यापाठोपाठ डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं, आणि विरळणी, जिथे मणी किती ठेवायचे हा निर्णय बोटांना शिकावा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी ऐन भरात असते आणि त्याच वेळी बारावीची बोर्डाची परीक्षा. बाग सर्वांत जास्त शिकवते तेव्हा विद्यार्थी पेपर लिहीत असतो.

आणि तरीही सोळा-सतरा वर्षांची मुलं हे काम शिकतात. पेठ आणि सुरगाण्याहून छाटणीच्या टोळ्या दिंडोरी-निफाडकडे उतरतात, त्यांच्यात मोठ्यांच्या जोडीला ही मुलंही असतात. कोणत्या काडीवर किती डोळे राखायचे हे त्यांना काडी हातात घेताच कळतं. अशा कामाची नोंद क्रेडिट म्हणून व्हावी अशी सोय आता कागदावर झाली आहे. दिवाळीनंतर ती मुलं अकरावीच्या वर्गात परततात तेव्हा हजेरीपटावर ते सगळे दिवस गैरहजर म्हणून लागलेले असतात.