बॅटरी-आयुर्मान चाचणी यंत्र (कमी खर्चाचं)

रिचार्जेबल सेल पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करून त्याची क्षमता कशी घटत जाते ते मोजणारं यंत्र. लॅबमधे याला सायकलर म्हणतात. जळगाव-भुसावळ-धुळ्याकडे कॉलेज प्रोजेक्टला किंवा रिपेअरिंगच्या दुकानात जमेल, एवढ्याच यंत्राची ही नोंद. फवारणी पंप नि ई-रिक्षामुळे बॅटरी उतरली की कायमची बसली हा प्रश्न इकडे रोजचाच.

क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की सेल संपला असं धरतात. हा आकडा आला कुठून यावर दोन मतं दिसतात. एक म्हणजे साधारण १९९०च्या दशकात अमेरिकेत इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरी-चाचणीचे नियम झाले तिथून. दुसरं, त्याच्याही आधीपासून वीजकेंद्रांसारख्या ठिकाणच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या ८० वर आल्या की बदलत, ती पद्धत पुढे आली. दुसरं जास्त पटतं, कारण लेड-ॲसिड ८० नंतर झपाट्याने ढासळते, तिथे त्या आकड्याला अर्थ होता. १९९१ला बाजारात आलेल्या लिथियम-आयनला तो नुसता चिकटवला गेला असावा.

रचना सोपी. प्रत्येक सेलला एक चार्जर, मॉसफेट (करंट कमीजास्त करणारा ट्रान्झिस्टर), ऑप-अँप (तो करंट नेमका ठेवणारी चिप) नि शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) यांचा लोड, म्हणजे सेल उतरवणारा भाग, आणि मोजणारी चिप. अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डचा स्वतःचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, ५ व्होल्टला एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची, म्हणून एडीएस१११५ सारखी १६ बिटची चिप लावतात. करंटच्या दोन वायरी वेगळ्या नि व्होल्टेज मोजायच्या दोन वेगळ्या, नाहीतर होल्डरच्या स्प्रिंगचा रेझिस्टन्स सेलच्या नावावर जमा होतो.

खरी गोची अचूकतेत. स्वस्त टीपी४०५६ चार्जरची ४.२ व्होल्टची मर्यादा दीड टक्का इकडेतिकडे असू शकते, म्हणजे एक सेल ४.१४ ला थांबतो नि शेजारचा ४.२६ पर्यंत जातो, आणि मग दोघांच्या म्हातारपणाची तुलना करायची कशी? शिवाय ५०० सायकलमधे २० टक्के घट म्हणजे सायकलमागे फक्त ०.०४ टक्के. साध्या शंटचा रेझिस्टन्स अंशामागे दशलक्षात २०० ने बदलत असेल तर पहाट ते दुपार २० अंशांच्या फरकाने ०.४ टक्के चूक, म्हणजे दहा सायकलची घट नुसती उन्हानेच खाल्ली किंवा वाढवली! म्हणून पैसे वाचवायचे तर डिस्प्लेवर वाचवावेत, शंट मात्र मँगॅनिनचाच (तापमानाने रेझिस्टन्स फारसा न बदलणाऱ्या मिश्रधातूचा) घ्यावा.

सेल ठरावीक तापमानाला ठेवायचं खोकं थर्माकोलचं किंवा भंगारातल्या फ्रिजचं, आत बल्ब नि थर्मोस्टॅट. बल्ब फक्त तापवतो, त्यामुळे भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की ४० वर ठेवलेली चाचणी हाताबाहेर जाते. तेव्हा थंड करायची सोय हवीच. लोडचे हीटसिंक खोक्याबाहेर, कारण १ अँपिअरने आठ सेल उतरवले तरी ३० वॅटच्या आसपास उष्णता निघते.

अर्ध्या सी दराने (म्हणजे भरलेला सेल दोन तासांत उतरेल एवढ्या करंटने) एक सायकल साधारण पाच तासांची, ५०० सायकलना साडेतीन महिने. एवढ्यात लाईट जाणारच, म्हणून अँपिअर-तासांचा हिशोब दर मिनिटाला मेमरी कार्डवर लिहायचा आणि लाईट आल्यावर यंत्राने आधी लोड बंद ठेवून व्होल्टेज तपासायचं. प्रत्येक सेलला फ्यूज, जवळ वाळूची बादली.