पाळीव पक्ष्यांचे चावणे

पाळलेल्या पक्ष्याने, विशेषतः पोपटवर्गीय पक्ष्याने, माणसाचे बोट, कान, ओठ वा मनगट चोचीत धरून दाबण्याची क्रिया. साळुंकी व कबुतर टोच मारतात. चोचीच्या चिमट्यात धरून चावणे हे मुख्यतः पोपटांचे. ग्रामीण विदर्भात या संदर्भात बहुधा कंठीवाला पोपट (सिटॅक्युला क्रेमेरी, राघू, मिठू) अभिप्रेत असतो. ऑस्ट्रेलियाचे बजरीगर आणि कॉकॅटिल हे छोटे पोपट तालुक्याच्या बाजारातून गावांत येतात. बजरीगरलाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा असून त्याचा चावा बजरीगरपेक्षा बराच जबर असतो. वऱ्हाडीत ‘मिठू चावते’ एवढेच म्हटले जाते. त्यात चाचपणे, बजावणे आणि रक्त काढणे हे तिन्ही प्रकार एकत्र येतात, आणि गैरसमजाची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते.

चोचीची रचना व ‘तिसरा पाय’ : पोपटाची वरची चोच कवटीशी पक्की जखडलेली नसून बिजागरीसारख्या सांध्यावर हलते; त्यामुळे कठीण कवचाचे बी फोडण्याइतका दाब तिला देता येतो. चोचीच्या टोकाशी दाब व कंपन ओळखणाऱ्या स्पर्शकणिका दाटीने असतात. पोपटातील या चोचाग्र-इंद्रियाचे पहिले वर्णन १८६९ मधील असल्याचे सामान्यतः मानले जाते. चोच अशी दुहेरी आहे : फोडणारी आणि चाचपणारी. रोमन लेखक थोरला प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) याने भारतातून येणाऱ्या, हिरव्या अंगाच्या व तांबड्या कंठीच्या पक्ष्याचे वर्णन केले आहे. तो पक्षी कंठीवाला पोपट की त्याच गटातील दुसरा, याविषयी एकमत नाही. वर्णन कंठीवाल्याला अधिक जुळते. हा पक्षी उतरताना चोचीवर भार घेतो, हे प्लिनीचे निरीक्षण पुढे दीर्घकाळ केवळ कौतुकाचा विषय राहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गुलाबी तोंडाच्या लव्हबर्डवरील प्रयोगात मात्र उभी चढण चढताना पक्षी चोचीने शरीर खरोखर वर ओढतो, म्हणजे ती तिसऱ्या पायाचे काम करते, असे मोजून दाखवण्यात आले. व्यवहारात याला मोठे महत्त्व आहे. बोटावर चढण्यापूर्वी पोपट ते बोट चोचीने धरून पाहतो, फांदी पक्की आहे की नाही हे पाहावे तसे. माणूस घाबरून हात मागे घेतो, फांदी ‘तुटते’, आणि पुढच्या वेळी पक्षी अधिक घट्ट धरतो.

कारणांविषयीची मते : चावणे हा पक्ष्याचा जन्मजात दुष्टपणा, हे मत आता मागे पडले आहे. दुसरे मत वरचढपणाचे : खांद्यावर किंवा माणसाच्या डोळ्यांपेक्षा उंच बसलेला पक्षी स्वतःला मालक समजतो व म्हणून चावतो. नॉर्वेचे शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकात कोंबड्यांमधील टोचण्याचा उतरता क्रम मांडला. तोच बहुधा पुढे पोपटांना लावला गेला असावा. पोपटांच्या थव्यात असा ताठर क्रम असल्याचे पुरावे तोकडे आहेत. उंचावरच्या पक्ष्याकडे हात नेणे अवघड जाते आणि तो खाली यायला नाखूश असतो, हे साधे स्पष्टीकरण पुरेसे वाटते. तिसरे मत मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक व स्किनर यांच्या अध्ययनविचारावर (ज्या वर्तनाचा उपयोग होतो ते टिकते) उभे असून मानसशास्त्रज्ञ सुझन फ्रीडमन यांनी ते पाळीव पोपटांना पद्धतशीरपणे लावले. हात जवळ येतो, पक्षी मान मागे घेतो, कोणी दाद देत नाही. पक्षी चावतो आणि हात तत्काळ दूर होतो. चावा लागू पडतो, म्हणून टिकतो. प्रस्तुत नोंदीत हेच मत ग्राह्य धरले आहे.

पूर्वखुणा : डोळ्यातील बाहुली झपाट्याने लहान-मोठी होणे, शेपटी पंख्यासारखी पसरणे, मानेची पिसे उभी राहणे किंवा अंगाला घट्ट चिकटणे, पुढे झुकून चोच उघडणे. विदर्भात एक सावधगिरी हवी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा सपरीत (ओसरीत) टिनाखाली टांगलेल्या पिंजऱ्यातील पोपट चोच उघडी ठेवतो व पंख अंगापासून दूर धरतो. ही धमकी नव्हे, तलखी आहे. पिंजरा लगेच सावलीत हलवून पाणी द्यावे.

वय व हंगाम : पिलू तान्ह्या मुलासारखे सर्व काही तोंडाने पाहते. नराची कंठी साधारण तिसऱ्या वर्षी उमटते, त्या सुमारास लाडका राघू एकाएकी चावू लागतो. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत, विणीच्या काळात, चावणे वाढते. पाठ व पंखांखाली कुरवाळल्याने हे बळावते; स्पर्श डोके व मानेपुरता ठेवावा. रात्री दहा-बारा तास अंधार व शांतता मिळाल्यास चिडखोरपणा उतरतो, असा पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

परावृत्त करण्याचे उपाय : शिक्षेची परंपरा जुनी आहे. बोलायला शिकवताना पोपटाच्या डोक्यावर लोखंडी कांबीने मारावे, नाहीतर त्याला मार जाणवतच नाही, असे प्लिनी सांगतो. चोचीवर टिचकी मारणे, पिंजरा हलवणे, तोंडावर फुंकर मारणे यांनी भीती वाढते व भीतीने चावा वाढतो. पक्षी फक्त आधीच्या खुणा देणे सोडतो आणि थेट चावू लागतो. बोटाला तिखट चोळण्याचा उपाय तर निरर्थक आहे. मिरचीतील कॅप्सेसिनची आग पक्ष्यांना जाणवत नाही; भिवापुरी मिरची बियांसकट खाणारा राघू तिखट बोटाला भिणार नाही.

खरा उपाय हात थांबवण्यात आहे. पक्ष्याने मान मागे घेतली की हात तिथेच थांबवावा, तो सैल झाला की दाणा द्यावा. हरभऱ्याचा घाटा, तुरीची कोवळी शेंग, ज्वारीच्या हुरड्याचे चार दाणे किंवा पेरूची फोड पुरते. भुईमूग जपून, कारण बुरशी लागलेल्या शेंगेतील अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते. सुरुवातीला बोटाऐवजी काडी पुढे करावी, पक्षी काडीच्या टोकाला चोच लावील तेव्हा दाणा द्यावा. बैठक दोन-तीन मिनिटांची असावी. चावलाच तर ओरडू नये, हिसका देऊ नये. पक्ष्याला शांतपणे खाली ठेवावे. पंख छाटल्याने चावणे थांबते हा समज घातक आहे : उडून दूर जाण्याची वाट बंद झालेल्या पक्ष्याजवळ चोचच उरते.

शांत पक्षी एकाएकी चावू लागल्यास दुखणे संभवते. गावचा पशुवैद्यकीय दवाखाना प्रामुख्याने गाई-म्हशी व शेळ्यांसाठी असतो; पक्ष्यांच्या तपासणीसाठी नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे जावे लागते. चाव्याची जखम साबण-पाण्याने धुवावी, खोल असल्यास धनुर्वाताच्या लसीविषयी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग असल्याने पोपटाच्या चाव्यासाठी त्याची लस लागत नाही.

कायदा : वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार देशी पोपट पकडणे, विकणे व पाळणे गुन्हा आहे. बजरीगर, कॉकॅटिल हे परदेशी पक्षी या बंदीत येत नाहीत. झाडाच्या ढोलीतून डोळे न उघडलेले पिलू काढून आणले की त्याचे थव्यातले शिक्षण तिथेच तुटते. असे वाढलेले पोपट शेतात नुसते उडवून दिल्यास जगणे कठीण असते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून ते नागपूरच्या सेमिनरी हिल्स येथील उपचार केंद्रासारख्या ठिकाणी सोपवावेत.