रिकामं पाकीट परत आणा, पण पुसून आणि वाळवून

आमच्याकडून चिवडा, भाजणी, मेतकूट, मसाले नेणाऱ्या सर्व ग्राहकांना विनंती, की रिकामं झालेलं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. दुकानात गल्ल्याशेजारी एक गोणी लावून ठेवली आहे, तिच्यात आणून टाका. पाकीट आमचंच हवं असं नाही. वेफर्स, बिस्किटं, नूडल्स, चहा, कॉफी, शांपूच्या पुड्या, कुठल्याही कंपनीचं चालेल. त्याबद्दल पैसे मिळणार नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.

हे पाकीट भंगारवाला का घेत नाही?

चिवडा कागदाच्या पुडीत बांधून दिला तर पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी सादळतो. शिवाय हवा आणि उजेड लागून तेल खवट होतं. म्हणून पाकीट तीन पदरी घ्यावं लागतं. आमच्या पाकिटात बाहेरून १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पॉलिएस्टरचा पदर असतो, त्यावर छपाई. मधला तेवढाच पातळ, पण त्यावर ॲल्युमिनियमचा अगदी सूक्ष्म थर बसवलेला, म्हणून तो चंदेरी दिसतो. आतला ५० मायक्रॉनचा पॉलिथिनचा. तो तापवूनच पाकिटाचं तोंड चिकटवतात. हे पदर एकमेकांना असे डकवलेले असतात की हाताने सुटत नाहीत, आणि सगळी अडचण तिथेच आहे. पॉलिथिन साधारण ११० अंश सेल्सियसला वितळतं, पॉलिएस्टरला २५० च्या पुढे जावं लागतं. दोन्ही एका भांड्यात तापवली तर एकाचं पाणी होतं तरी दुसरं तसंच. त्यातून पुन्हा वापरता येईल असा प्लास्टिकचा स्वच्छ दाणा निघत नाही.

दुसरी अडचण वजनाची. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या ज्या ताई दारोदार कचरा गोळा करतात, त्या सुका कचरा निवडून विकतात आणि त्यावर त्यांची बरीच मिळकत अवलंबून असते. बाटली, पुठ्ठा, पत्रा, दुधाची पिशवी, या सगळ्याला भाव आहे. वेफर्सची रिकामी पाकिटं मात्र किलोभर व्हायला काहीशे लागतात आणि एवढं निवडून नेलं तरी बहुतेक भंगार दुकानांत त्याला गिऱ्हाईक नसतं. त्यांनी ते का उचलावं? एका जागी, एकाच प्रकारचा, कोरडा माल भरपूर जमला तरच पुढचा माणूस गाडी पाठवतो. आमची गोणी त्यासाठी आहे.

आणण्याआधी काय करायचं?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

कोरड्या खाऊचं पाकीट धुवायची गरज नाही. उलटं करून चुरा झटका, आतून जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने तेल पुसून घ्या, झालं. मसाल्याचंही तसंच. लोणचं, तूप किंवा तयार ग्रेव्हीचं पाकीट मात्र धुवावं लागतं. त्यासाठी वेगळं पाणी घालवू नका. भांडी विसळून झाल्यावर जे पाणी उरतं, त्यातलंच थोडं पाकिटात घ्या, तोंड धरून खळखळून हलवा आणि ओता. मग ओट्यावर उभ्या ठेवलेल्या लाटण्यावर किंवा बाटलीवर उलटं घालून रात्रभर राहू द्या. सकाळपर्यंत वाळतं. गोणीत एक जरी ओलं पाकीट गेलं तरी दोन दिवसांत वास सुटतो, मुंग्या लागतात आणि पुढे अख्खी गोणी नाकारली जाते. तेव्हा धुवायला वेळ नसेल तर ते पाकीट कृपया आणू नका. राग येणार नाही.

कात्रीने कापताना वरची पट्टी पूर्ण वेगळी करू नका, एका टोकाला चिकटलेली राहू द्या. ती बोटभर पट्टी एकदा सुटली की कुणाच्याच हाताला लागत नाही, गटारात जाते. दुधाच्या पिशवीचा कोपराही असाच अर्धवट कापायचा.

पाकिटं एकात एक कोंबू नका आणि गाठ मारू नका. निवडणाऱ्याला प्रत्येक गाठ सोडावी लागते. सपाट करून एका पिशवीत साठवा, पिशवी भरली की आणा.

गोणीत काय नको?

दुधाच्या पिशव्या इथे आणू नका. त्या एकाच प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात, भंगारात सहज विकल्या जातात. धुऊन, वाळवून आपल्या कचरेवाल्या ताईंना द्या, त्यांना दोन पैसे मिळतील. २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतावा छापायची तरतूद होती. ती काही फारशी रुळली नाही. आठ आण्यांसाठी दुकानात कोण परत येणार, हा प्रश्नच होता.

चंदेरी दिसणारं सगळंच आमच्या कामाचं नसतं. मुठीत चुरगळून सोडून द्या. आपोआप उलगडलं तर ते प्लास्टिक, गोणीत टाका. चुरगळलेलंच राहिलं तर बहुधा पोळ्या गुंडाळायची फॉइल असते. ती खरकटी नसेल तर गोळा करून भंगारात द्या, ॲल्युमिनियमला भाव चांगला आहे.

औषधगोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घेत नाही. त्यांत बहुतेक वेळा पीव्हीसी हे क्लोरीन असलेलं प्लास्टिक असतं आणि ते तापलं की आम्लाचा वायू निघतो, त्यामुळे एका पट्टीपायी बाकीचा माल अडतो. रसाचे, ताकाचे खोके वेगळे ठेवा. त्यात तीन चतुर्थांश पुठ्ठाच असतो आणि तो पाण्यात भिजवून, घुसळून वेगळा काढता येतो, म्हणून त्यांचा रस्ता निराळा. राहता राहिली गुटख्याची पुडी. ती घेऊन येणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाच बंद आहे.

आणि गावाकडच्या घरी अजून बंब असेल तर त्यात ही पाकिटं घालू नका. पाणी लवकर तापतं हे खरं, पण तो धूर घरातल्याच माणसांच्या नाकात जातो.

पुढे त्याचं काय होतं?

या पाकिटाचं परत पाकीट होत नाही. तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. काही माल दाबून त्याचे पत्रे आणि फळ्या करतात, त्यांची बाकं बनतात. पुण्यातच 'रीचरखा' ही संस्था अशा पाकिटांच्या आणि पिशव्यांच्या पट्ट्या कापते, चरख्यावर गुंडाळून हातमागावर त्यांचं कापड विणते आणि त्याच्या बॅगा शिवते. 'आशाया' या पुण्याच्याच कंपनीने २०२३ मध्ये वेफर्सच्या पाकिटांपासून गॉगल बनवून दाखवले. ही कामं मोलाची आहेत, पण अजून छोटी आहेत. बाकी माल डांबरी रस्त्यात किंवा सिमेंटच्या भट्टीत कोळशाऐवजी जातो. तिथे साधारण १४५० अंशांपर्यंत तापमान असतं. भट्टीत जाळणं म्हणजे पुनर्वापर नव्हे, आम्हीही तसं म्हणत नाही. पण मुठा नदीच्या काठी झुडपाला लटकून राहण्यापेक्षा ते बरं, एवढंच आमचं मत.

'हे तर कंपन्यांचं काम, आम्ही का करायचं?' असं काही ग्राहक विचारतात. प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी आणि २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वेष्टन गोळा करण्याची जबाबदारी उत्पादक आणि ब्रँडवाल्यांवरच टाकली आहे. ज्याचा पुनर्वापर होऊच शकत नाही तेवढंच भट्टीत किंवा रस्त्यात घाला, असंही त्यात म्हटलं आहे. पण एकदा भाजीच्या देठांत आणि चहाच्या चोथ्यात कालवलेलं पाकीट कुठल्याही कंपनीला निवडून काढता येत नाही. स्वयंपाकघरात ते वेगळं ठेवणं तेवढं आपल्या हातात असतं.

पाकीटच नको असेल तर

कागदी पाकिटं का वापरत नाही, असंही विचारलं जातं. खाऊसाठी मिळणाऱ्या बहुतेक कागदी पाकिटांना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. फाडून पाहा, कडेला पातळ पापुद्रा लोंबताना दिसेल. म्हणजे पुन्हा दोन पदर आलेच, आणि मग तो कागद रद्दीतही चालत नाही.

त्यापेक्षा डबा आणा. चिवडा, शेव, भाजणी, पोहे, साबुदाणा सुटं देतो. डब्याचं वजन आधी करून वजा करतो आणि पाकिटाचा खर्च किमतीतून कमी करतो. डबा कोरडा आणि झाकणासकट हवा. सुटा चिवडा पाकिटातल्याइतके दिवस टिकत नाही, म्हणून आठवड्याला पुरेल एवढाच न्या.

सोसायटीने मिळून पाकिटं गोळा केली तर एक दिवस आधी दुकानात सांगा, आमचा मुलगा येऊन घेऊन जाईल. एरवी दुकान उघडं असताना कधीही आणा. दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं. त्या वेळेत पिशवी शटरच्या कडीला अडकवून जाऊ नये, कुत्री फाडतात आणि सगळं रस्त्यावर पसरतं.