पिशवीतल्या जुन्या गोळ्या आणि घबराटीचं नवं औषध

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला दाखवून आलेला माणूस घबराटीच्या गोळीची चिठ्ठी घेऊन घरी पोचतो, तेव्हा घरात खुंटीला गोळ्यांची एक पिशवी आधीच लटकत असते. त्यात बीपीची गोळी तालुक्याच्या डॉक्टरची, कंबरदुखीची गावातल्या दवाखान्यातली, नायट्याची मेडिकलवाल्याने दिलेली. गॅसची तर कुणी दिली तेच आता आठवत नाही. पाच वर्षांपूर्वी सुरू झाली आणि बंद करायची राहून गेली. नव्या गोळीची गाठ या पिशवीशी पडणार असते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने मात्र ती पिशवी बहुतेक वेळा पाहिलेलीच नसते.

‘जीव घाबरी ऱ्हायना’ म्हणत आलेल्या माणसाला साधारण दोन जातीची औषधं मिळतात. पहिली रोज घ्यायची आणि सावकाश गुण देणारी: एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन. यांचा फरक जाणवायला दोन ते सहा आठवडे जातात. दुसरी अर्ध्या-एक तासात शांत करणारी: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, एटिझोलाम. शिवाय छातीतल्या धडधडीसाठी कधी प्रोप्रॅनोलॉल.

आपल्याकडे पहिला घोळ इथेच होतो, कारण एका गोळीत दोन औषधं असतात. नावापुढे ‘प्लस’ लिहिलेल्या कित्येक गोळ्यांत १० मिलिग्रॅम एसिटालोप्रामबरोबर ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम असतं. ती चालू असताना दुसऱ्या डॉक्टरने झोप येत नाही म्हणून निराळ्या नावाची क्लोनाझेपाम दिली, तर रुग्ण एकाच औषधाचा दुप्पट डोस घेतो आणि समजतो की आपण दोन वेगवेगळ्या गोळ्या घेतोय. सकाळी पाय लटपटतात, बोलणं जड होतं, म्हातारा माणूस रात्री लघवीला उठताना पडतो. म्हणून ठळक अक्षरातल्या नावाकडे दुर्लक्ष करून स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरातली ओळ वाचायची. ‘प्रत्येक गोळीत’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांनंतर खरं औषध आणि मिलिग्रॅम लिहिलेले असतात. मेडिकलवाला कात्रीने पाच गोळ्या कापून देतो तेव्हा नेमकी तीच ओळ त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. तिचा फोटो तिथेच काढून घ्यावा.

आता लिव्हरकडे वळू, कारण बहुतेक भांडणं तिथेच लागतात. पोटातून आलेल्या गोळ्या मोडायला लिव्हरमध्ये एन्झाइमांचा ताफा असतो. अल्प्राझोलाम मोडण्याचं काम मुख्यतः ‘थ्री-ए-फोर’ नावाच्या एन्झाइमचं. नायट्यावरची इट्राकोनाझोल ही कॅप्सूल या एन्झाइमचे हात बांधून ठेवते. उन्हाळ्यात घामाने मांड्या-काखा चिघळतात, नायटा साध्या मलमाला दाद देत नाही, आणि इट्राकोनाझोल आठवड्यांमागून आठवडे चालू राहते. त्यात अल्प्राझोलाम आली की ती मोडायला कुणी उरत नाही. रक्तातलं तिचं एकूण प्रमाण अडीचपटीच्या घरात जातं आणि असर रात्रीपुरता न राहता दुसऱ्या दिवसावर सांडतो. या दोन औषधांची जोडी वर्ज्यच मानली जाते. केटोकोनाझोलच्या गोळीचंही तेच. घशाच्या संसर्गासाठी दिली जाणारी क्लॅरिथ्रोमायसिनही याच एन्झाइमला अडवते. बरं, इट्राकोनाझोलची शेवटची कॅप्सूल काल संपली म्हणून आज वाट मोकळी होत नाही. ती शरीरातून पुरती जायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर तातडीने काही शांत करणारं द्यायचंच असेल, तर डॉक्टरांकडे लोराझेपामचा पर्याय असतो. तिला या एन्झाइमची गरज पडत नाही.

टीबीच्या रिफाम्पिसिनचा न्याय बरोबर उलटा. ती एन्झाइमांची भरती वाढवते. ज्याची सहा महिन्यांची टीबीची ट्रीटमेंट चालू आहे, त्याला घबराटीवरची बुस्पिरोन दिली तर रक्तात जेमतेम दहावा हिस्सा पोचतो. अल्प्राझोलामही नेहमीपेक्षा लवकर उतरते. रुग्ण म्हणतो, गोळीने काहीच फरक नाही, डोस वाढतो. मग टीबीचा कोर्स संपतो, पुढच्या दोनेक आठवड्यांत एन्झाइमांची जादा भरती ओसरते, आणि तोच वाढवलेला डोस झेपेनासा होतो. म्हणजे नवी गोळी सुरू होताना जितकं सांभाळायचं, तितकंच जुनी बंद होतानाही.

औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत लिनेझोलिड देतात, तिची गोष्ट आणखी वेगळी. सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन. त्याची विल्हेवाट लावणारं एन्झाइम ती थोडंफार रोखते, आणि एसिटालोप्रामच्या जातीची औषधं सेरोटोनिनला पेशीत परत जाऊ देत नाहीत. एकीने दार लावलं आणि दुसरीने मोरी बुजवली, तर पाणी घरात तुंबणारच. (गंमत म्हणजे उदासीवरच्या औषधांचा उगमही टीबीच्याच वॉर्डातला. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात आयप्रोनायझिड दिलेले टीबीचे रुग्ण अचानक उत्साही दिसू लागले होते, त्यामागे हेच एन्झाइम होतं.)

खानदेशात लिनेझोलिडपेक्षा ट्रॅमाडॉलची गाठ पडण्याची शक्यता कितीतरी जास्त. केळीचे घड वाहून धरलेली पाठ, गुडघे, पडझड, ऑपरेशननंतरचं दुखणं, सगळीकडे ती असते. पॅरासिटॅमॉलबरोबर एका गोळीतही येते. नंदुरबार जिल्ह्यात भिल आणि पावरा समाजात सिकलसेल बराच आहे, आणि त्याच्या वेदनेच्या झटक्यातही ट्रॅमाडॉल वापरतात. ही गोळी वेदना मारते आणि शिवाय सेरोटोनिनही वाढवते. पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिनबरोबर तर दुहेरी तोटा. ट्रॅमाडॉलचं ज्या पदार्थात रूपांतर होऊन वेदना थांबते, ते रूपांतर करणारं एन्झाइम या दोन गोळ्या अडवतात. दुखणं थांबत नाही म्हणून रुग्ण आणखी एक गोळी घेतो, मूळ ट्रॅमाडॉल साचत जातं, सेरोटोनिन चढतं आणि फिट येण्याचा धोका वाढतो. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही याच माळेतलं. ते तर चिठ्ठीशिवाय घरात येतं.

सेरोटोनिन अति झालं की लक्षणं रेंगाळत नाहीत; नवी गोळी किंवा वाढवलेला डोस घेतल्यापासून पुष्कळदा सहा तासांत, आणि बहुतेक वेळा चोवीस तासांच्या आत दिसतात. घाम, जुलाब, हातापायांना कंप, बाहुल्या मोठ्या, अंगात ताप, माणूस एका जागी बसेना. हातापायांत पायाची लक्षणं जास्त बोलकी: पाऊल झटकन वर ढकलून धरलं तर घोटा आपोआप तालात हिसके देत राहतो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना ताप आणि बडबड दिसली की घरचे ‘ऊन लागलं’ म्हणणार, आणि ते चूक नाही. उष्माघातही तितकाच जीवघेणा. पण घोट्याचे हिसके आणि कालपासून सुरू झालेली गोळी या दोन गोष्टी दवाखान्यात पहिल्या वाक्यात सांगितल्या, तर डॉक्टर दोन्ही शक्यता एकदम तपासतात. कारण ठरलेली औषधं ताबडतोब बंद करणं हा इलाजाचा पहिला भाग. पुढे ज्या औषधाचा आधार कधी कधी घेतात ते सायप्रोहेप्टाडिन आपल्याकडे बारक्या पोरांना भूक लागावी म्हणून दिलं जातं. हे वाचून घरी प्रयोग मात्र करू नये.

उन्हाळ्याशी जोडलेली दुसरी अडचण गुपचूप येते आणि माझ्या मते आपल्या भागात तीच जास्त निसटते. समजा, ६५ वर्षांच्या आजीबाई बीपीची गोळी घेतात आणि तिच्या नावापुढे ‘एच’ आहे. तो ‘एच’ म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड, १२.५ मिलिग्रॅम, ‘सीटी’ असेल तर क्लोरथॅलिडोन. दोन्ही लघवीवाटे सोडियम बाहेर काढतात. आता एप्रिलमध्ये एसिटालोप्राम सुरू झाली. ही गोळी काही जणांत, विशेषतः म्हाताऱ्या बायकांत, किडनीला पाणी धरून ठेवायला लावणारं संप्रेरक वाढवते. एकीकडे सोडियम जातंय, दुसरीकडे पाणी साठतंय, वर आजी उन्हाळा म्हणून तांब्यावर तांब्या पाणी पितायत. रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ असायला हवं, ते घसरत जातं. डोकं दुखणं, मळमळ, तोल जाणं, विसरभोळेपणा. १२५ च्या खाली भान हरपण्याची आणि फिट येण्याची भीती. सुरुवातीची लक्षणं घबराटीसारखीच वाटतात, त्यामुळे ‘गोळी कमी पडतेय’ असा निष्कर्ष निघतो आणि डोस वाढतो! हे बहुतेकदा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत घडतं. म्हणून साठीच्या पुढच्या आणि ‘एच’ची गोळी घेणाऱ्या माणसाने नवं औषध सुरू करण्याआधी एकदा आणि मग दोन आठवड्यांनी सोडियमची तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्यावी. घरी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाजून हे दुरुस्त होत नाही, कारण दुखणं नुसत्या मिठाचं नाही, अडकलेल्या पाण्याचंही आहे.

दुखण्याच्या डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या-इंजेक्शनांबद्दल एवढंच: रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटनाही सेरोटोनिन लागतं, आणि घबराटीची रोजची गोळी ते त्यांच्यापर्यंत पोचू देत नाही. दोन्ही मिळून जठरातून रक्त जाण्याचा धोका वाढतो, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर आणखीच. डांबरासारखी काळी शी झाली की थेट दवाखाना. अंग दुखलं तर सांगितलेल्या मापात पॅरासिटॅमॉल बरी. पोट सांभाळायला गॅसची गोळी देतात, पण ओमेप्राझोल एसिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण सुमारे निम्म्याने वाढवते. पँटोप्राझोलचा तसा त्रास कमी. मात्र पँटोप्राझोलच्या कॅप्सूलमागे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल तर आत मळमळीवरचं डॉमपेरिडोन बसलेलं असतं. डॉमपेरिडोन आणि एसिटालोप्राम दोघंही हृदयाच्या ठोक्याची एक विद्युत पायरी लांबवतात. वय जास्त असेल, हृदयविकार असेल किंवा जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं असेल तेव्हा ईसीजी काढून मगच पुढे जावं. संसर्गावरची ॲझिथ्रोमायसिन आणि उलटीवरचं ऑन्डॅनसेट्रॉन हेही याच रांगेत उभे.

प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला देत नाहीत, श्वासनळ्या आवळतात. डायबेटिसच्या रुग्णात ती साखर उतरल्याची धडधड आणि थरथर झाकते. घाम तेवढा उरतो. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने घाम फुटला की साखर तपासावी, ‘घबराटीचा घाम’ म्हणून बसून राहू नये.

केळीच्या मुलखात एक प्रश्न येणारच: केळ्यात सेरोटोनिन असतं म्हणे, मग गोळीबरोबर केळं चालेल का? खुशाल चालेल. केळ्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरूच शकत नाही. मोहाची असो की इंग्रजी, दारू मात्र क्लोनाझेपाम-अल्प्राझोलामबरोबर अजिबात नाही; दोघी मिळून श्वास मंदावतात, आणि तिसरी ट्रॅमाडॉल असेल तर माणूस झोपेतून उठतच नाही असंही होतं. बिडीबद्दल लोकांना आश्चर्य वाटतं: तिचा धूर एक एन्झाइम वाढवतो, त्यामुळे डुलोक्सेटिन हे घबराटीवरही देतात ते औषध ओढणाऱ्याच्या रक्तात सुमारे एक तृतीयांश कमी भरतं. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. त्यामुळे चुना-तंबाखू मळणाऱ्याला हा हिशेब लागू पडत नाही.

डॉक्टरांकडे जाताना अख्खी पिशवी न्यावी, अर्धवट स्ट्रिपांसकट. तोंडी सांगायच्या गोष्टी वेगळ्या: गेल्या दोन आठवड्यांत घेतलेली इंजेक्शनं, खोकल्याची बाटली, अश्वगंधा किंवा जटामांसीसारखी काष्ठौषधं (झोपेच्या गोळीची गुंगी वाढू शकते), आणि घबराटीची याआधीची गोळी कोणती होती, ती कधी थांबली. नवी गोळी सुरू केली ती तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि त्या आठवड्यात दुसरं काही नवं सुरू करू नये, नाहीतर त्रास कुणाचा ते ओळखता येत नाही. पहिले काही दिवस थोडी मळमळ आणि जास्तीची बेचैनी एकट्या एसिटालोप्रामनेही होते. म्हणून पुष्कळ डॉक्टर ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्याने १० वर नेतात. औषधामुळे काही विपरीत झालंच, तर त्याची नोंद भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णालाही करता येते. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

हे वाचून कुणी आज रात्रीची क्लोनाझेपाम फेकून देईल, तर तीही चूकच. महिनोन्‌महिने घेतलेली ही गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते. डोस आठवड्यांच्या हिशेबाने, डॉक्टरांच्या नजरेखाली उतरवावा लागतो. फ्लुओक्सेटिन याच्या उलट वागते. ती आज थांबवली तरी तिचा अंश शरीरात आठवडे राहतो, इतका, की काही औषधं सुरू करण्याआधी पाच आठवडे थांबावं लागतं. म्हणून ‘ती तर मी गेल्या महिन्यातच सोडली’ असं म्हणणाऱ्याच्या यादीतही फ्लुओक्सेटिन लिहायची, पुढे सोडल्याची तारीख टाकून.