आवळलेला बोल्ट रात्रीतून तुटतो तेव्हा

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत हे कधी ना कधी होतंच. संध्याकाळी टॉर्क लावून बोल्ट बसवला, नंतर कुणी हातसुद्धा लावला नाही, आणि सकाळी बघतात तर डोकं तुटून खाली. सप्लायर म्हणतो तुम्ही जास्त आवळला, असेंब्लीवाले म्हणतात मालच खराब, आणि मग ते तुकडे पिशवीतून येतात मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये.

लॅबवाल्याचा पहिला नियम म्हणजे तुटलेली टोकं एकमेकांना जुळवून बघायची नाहीत! सगळे तेच करतात, आणि पृष्ठभाग घासला की पुरावा गेला.

बोल्टवर 12.9 लिहिलेलं असतं, म्हणजे निदान 1200 मेगापास्कल ताण सोसायला हवा आणि त्याच्या 90 टक्क्यांपर्यंत कायमचा ताणला जाता कामा नये. त्याच लॉटचा बोल्ट यूटीएमवर, म्हणजे ताणून तोडणाऱ्या मशीनवर, ओढला, पास. रॉकवेल हार्डनेस मशीनवर हिऱ्याचं टोक 150 किलोने दाबलं, हार्डनेस ओके. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय काय आहे ते मोजणाऱ्या मशीनवर, कार्बन, क्रोम सगळं बरोबर. मग तुटला कसा?

खरी मजा इथे आहे. तुटलेला भाग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला की स्टीलचे कण सांध्यांवरून सुटलेले दिसतात, अगदी खडीसाखरेसारखे. नुसता जास्त आवळून तुटला असता तर बारीक खळगे दिसले असते. इथे संशयित हायड्रोजन. झिंक प्लेटिंगच्या आधी ॲसिडमध्ये बुडवताना आणि प्लेटिंग चालू असताना तो आत शिरतो, आणि जिथे ताण जास्त तिथे हळूहळू गोळा होऊन स्टील ठिसूळ करतो, म्हणून तर रात्र जावी लागते, आणि म्हणूनच काही मिनिटांत संपणाऱ्या यूटीएम टेस्टमध्ये तो सापडत नाही. त्याच्यासाठी खाच पाडलेले नमुने तुटण्याच्या लोडच्या 75 टक्क्यांवर 200 तास ताणून ठेवतात. उपाय साधा, प्लेटिंगनंतर लगेच 200 डिग्रीच्या आसपास काही तास बेकिंग, म्हणजे भट्टीत तापवून हायड्रोजन घालवणं, पण घाईत नेमकं तेच राहतं.

या लाइनीत यायचं तर मेटलर्जीचा डिप्लोमा किंवा सीओईपीसारख्या ठिकाणची डिग्री उपयोगी, पण सुरुवातीची वर्षं पॉलिश पेपर, डायमंड पेस्ट आणि नायटलच्या (स्टीलचे कण दिसावेत म्हणून लावायच्या ॲसिड-अल्कोहोलच्या) वासातच जातात, आणि पगार हिंजवडीवाल्या मित्राला सांगण्याइतका नसतो. तरी मला हे काम आयटीपेक्षा भारी वाटतं. रिपोर्टमध्ये चूक कुणाची हे लिहायचं नसतं, फक्त काय दिसलं आणि त्यावरून काय ठरतं तेवढंच, मग सप्लायर आणि कस्टमर दोघांचेही फोन येतात, आणि दोघांनाही बेकिंगचं रेकॉर्ड मागायला सांगायचं.